अमेरिकेंतील हायस्कुलांतले कर्मशाळेचे व शेतकीचे वर्ग
(इ. स. १८७६ ते १९६५)

सनदा, महजर, निवाडे, कैफियती व खासगी पत्रें हें आपलें नेहमींचें संशोधनसाहित्य. जुन्या दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे आपली दृष्टि प्रथम शिक्क्याकडे व मितीकडे जाते. हिशेबाचे कागद असले तर ते बहुधा बाजूस पडतात. तथापि रोजकीर्दी व खतावण्या पाहिल्यावांचून एखाद्या पेठेचा इतिहास लिहितां येत नाहीं, हें आतां सर्वमान्य झालें आहे. त्याच न्यायानें शाळेचा इतिहास केवळ कायद्यांवरून व वार्षिक अहवालांवरून लिहितां येणार नाहीं. मुलानें रंधा मारून बसविलेला लाकडाचा सांधा, किंवा डुकराच्या पिलांस किती मका घातला व विक्रीनंतर काय उरलें हें लिहिलेली त्याची वही, हींही साधनेंच होत. अशा साधनांचें मोल कशांत आहे, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका शिक्षणप्रकाराच्या इतिहासावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंतील हायस्कुलांत सुतारकाम, लोहारकाम व यंत्रकाम शिकविणारे कर्मशाळेचे वर्ग आणि त्यांच्या जोडीस शेतकीचे वर्ग फार दिवस चालत आले आहेत. हे वर्ग म्हणजे २३ फेब्रुवारी १९१७ रोजीं मंजूर झालेल्या स्मिथ-ह्यूज कायद्याचें अपत्य, अशी समजूत पुष्कळांची असते. ती अर्धीच खरी आहे. हे वर्ग कायद्याच्या आधीं चाळीस वर्षांपासून होते. कायद्यानें त्यांस जन्म दिला नाहीं, त्यांचा अर्थ मात्र पालटला. जें शिक्षण सर्व मुलांकरितां म्हणून निघालें होतें तें कांहीं मुलांकरितां म्हणून ठरलें. हा पालट कसा झाला तें क्रमानें पाहूं.

(१) मॉस्कोची पद्धति

या हकीकतीचा उगम अमेरिकेंत नसून रशियांत आहे. मॉस्को येथील शाही तंत्रशाळेचा संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यानें १८६८ च्या सुमारास एक नवी रीति बसविली. तोंपर्यंत कारागिरी शिकावयाची म्हणजे उस्तादाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उमेदवारी करावयाची; उस्तादाचें काम चालतां चालतां जें दिसेल तें उचलावयाचें. डेला-व्हॉसनें शिकण्याची जागा माल तयार करण्याच्या जागेपासून वेगळी केली. प्रत्येक धंद्यांतील क्रियांचें त्यानें पृथक्करण केलें. सोप्यापासून अवघडापर्यंत त्यांची पायरीवार मांडणी केली. प्रत्येक क्रियेस एक नमुना व एक आराखडा ठरविला. वैयाकरण जसा भाषेचा शब्द फोडून धातु व प्रत्यय दाखवितो, तसेंच हें काम होतें. एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं अनेक विद्यार्थी एकाच वेळीं तीच क्रिया शिकूं लागले, व उस्ताद-शागीर्दांची परंपरा वर्गांत बसली.

या शाळेचे नमुने १८७३ सालीं व्हिएन्नाच्या व १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत मांडले होते. फिलाडेल्फियाचें प्रदर्शन अमेरिकन स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक उत्सवाचें होतें. तेथें मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचा अध्यक्ष जॉन रंकल यानें ते नमुने पाहिले आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत आपल्या संस्थेंत यांत्रिक कलांची शाळा काढण्याचा ठराव करवून घेतला. लाकडाच्या व लोखंडाच्या निर्जीव तुकड्यांनीं एका परदेशाच्या शिक्षणाची दिशा बदलावी, ही गोष्ट वस्तुसंग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

(२) सेंट लुईची शाळा व स्वीडनची रीति

रंकलच्या प्रयत्नास व्यापक रूप दिलें तें सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील गणिताचा अध्यापक कॅल्व्हिन वुडवर्ड यानें. त्यानें स्थापिलेल्या हस्तशिक्षणशाळेस १८७९ सालीं मान्यता मिळाली व १८८० च्या सप्टेंबरांत ती उघडली. चौदा वर्षांपुढील मुलांकरितां तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. गणित, शास्त्रें, भाषा, चित्ररेखन व कर्मशाळा यांची त्यांत सांगड घातलेली होती. वुडवर्डचा आग्रह होता तो असा कीं, ही शाळा सुतार किंवा लोहार तयार करण्यासाठीं नाहीं. पुढें वकील, वैद्य किंवा व्यापारी होणाऱ्या मुलासही हातांचें शिक्षण हवें, कारण हात राबूं लागला म्हणजे बुद्धीसही वळण लागतें. एकच धंदा शिकविला जाऊं नये म्हणूनच त्यानें सर्व धंद्यांस समान असणाऱ्या क्रिया शिकविल्या. १८८४ सालीं शिकागोस व्यापाऱ्यांच्या संघानें अशी शाळा काढली, व त्याच वर्षीं बॉल्टिमोर शहरानें सार्वजनिक पैशानें चालणारी हस्तशिक्षणाची शाळा उघडली.

याच काळांत उत्तर युरोपांतून दुसरा प्रवाह आला. फिनलंडांत ऊनो सिग्नेउस याच्या खटपटीनें १८६६ सालीं लोकशाळांतून हस्तव्यवसाय आवश्यक झाला होता. स्वीडनांत नेस येथें ऑटो सालोमन यानें शिक्षकांस तोच विषय शिकविण्याची संस्था चालविली व त्या रीतीस ‘स्लॉइड’ हें नांव रूढ झालें. गुस्ताफ लार्सन हा १८८८ सालीं ती बोस्टनला घेऊन आला. मॉस्कोच्या रीतींत मूल सांधे करी व सांधे झाले कीं ते टाकून दिले जात. स्लॉइडमध्यें घरांत उपयोगी पडेल अशी पुरी वस्तु मुलानें करावयाची असे. पहिलींत क्रियेस महत्त्व, दुसरींत वस्तूस व ती करणाऱ्या मुलास. अमेरिकेंतील जुन्या शाळांतून मिळणारे नमुने पाहतांना हा भेद फार कामास येतो. निरुपयोगी सांध्यांची फळी सांपडली तर ती शाळा मॉस्कोच्या वळणाची. चमचा, कुऱ्हाडीचा दांडा किंवा खुंटाळें सांपडलें तर नेसच्या वळणाची, असें प्रथमदर्शनीं अनुमान करण्यास हरकत नाहीं.

या नव्या शिक्षणास विरोध झाला नाहीं असें नाहीं. १८८९ पासून १९०६ पर्यंत संयुक्त संस्थानांचा शिक्षण-आयुक्त असलेला विल्यम हॅरिस हा त्यांत प्रमुख होता. शाळेचें काम भाषा, गणित व इतिहास यांच्या द्वारें मनुष्यजातीच्या ज्ञानाचे दरवाजे उघडण्याचें आहे. रंधा मारण्यानें ते उघडत नाहींत, असें त्याचें म्हणणें होतें. उलट जॉन ड्यूई यानें १८९६ सालीं शिकागो विद्यापीठांत काढलेल्या प्रयोगशाळेंत स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम हेंच सर्व विद्यांचें प्रवेशद्वार केलें. हॅरिस व ड्यूई यांचें या बाबतींत मुळींच जमलें नसतें. परंतु शाळेंत जें शिकवावयाचें तें सर्वांस शिकवावयाचें, ही गोष्ट दोघांसही मान्य होती. पुढें नेमकी तीच गोष्ट सुटली.

(३) शेतकीचे वर्ग

शेतकीच्या शिक्षणाचा ओघ अमेरिकेंत वरून खालीं आला. १८६२ च्या मॉरिल कायद्यानें जमिनी देऊन प्रांतोप्रांतीं महाविद्यालयें उभीं राहिलीं. १८८७ च्या हॅच कायद्यानें प्रयोगक्षेत्रें निघालीं. परंतु शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयापर्यंत क्वचितच पोंचे. म्हणून मिनेसोटा विद्यापीठानें १८८८ सालीं दुय्यम दर्जाची शेतकी शाळा काढली, व आलाबामा संस्थानानें १८८९ पासून प्रत्येक निर्वाचनविभागास एक याप्रमाणें अशा शाळा काढण्याचा उपक्रम केला.

या शाळांपुढें एक मोठी अडचण होती. शाळेच्या शेतावर मुलगा राबला तर तो मजुरासारखा राबतो. नफा-नुकसान शाळेचें, त्याचें नव्हे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थअँप्टन येथील स्मिथ शेतकी शाळेचा संचालक रूफस स्टिम्सन यानें १९०८ पासून या अडचणीवर एक साधा तोडगा काढला. मुलानें शिकावें शाळेंत, पण शेती करावी आपल्या घरच्या जमिनीवर. बापाकडून त्यानें जमिनीचा एक तुकडा, किंवा एक गाय, किंवा कोंबड्यांचा एक खुराडा मागून घ्यावा. काय कोणाचें याचा बापाशीं करार करावा. बी, खत, चारा व मजूरी यांचा पैन् पै हिशेब ठेवावा. शिक्षकानें घरीं जाऊन काम व वही दोन्ही तपासावीं. यास ‘गृहप्रकल्प’ म्हणत. ही रीति लौकरच मॅसॅच्युसेट्सच्या सरकारनें उचलली व तेथून ती देशभर गेली.

(४) इ. स. १९१७ चा कायदा

विसाव्या शतकाच्या आरंभीं कारखान्यांस कुशल कामगार हवे होते व जर्मनीच्या औद्योगिक शाळांचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर डग्लस यानें १९०५ सालीं नेमलेल्या मंडळानें असा निष्कर्ष काढला कीं, शाळांतील हस्तशिक्षणाचा प्रत्यक्ष उद्योगांशीं कांहीं संबंध राहिलेला नाहीं. १९०६ सालीं औद्योगिक शिक्षणाचा पुरस्कार करणारी राष्ट्रीय संस्था निघाली. १९१४ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या आज्ञेनें बसलेल्या मंडळानें मध्यवर्ती सरकारच्या साहाय्याची शिफारस केली. जॉर्जिया संस्थानचे सेनेटर होक स्मिथ व प्रतिनिधि डड्ली ह्यूज यांनीं ती विधेयकरूपानें मांडली, आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सहीनें तिचा कायदा झाला.

कायद्याचीं कलमें निवाडपत्रासारखीं काळजीपूर्वक वाचलीं पाहिजेत. शेतकीच्या शिक्षकांच्या वेतनाकरितां १९१७-१८ सालीं ५,००,००० डॉलर, व ही रक्कम वाढत जाऊन १९२५-२६ पासून दरसाल ३०,००,००० डॉलर. हातधंदे, गृहशास्त्र व उद्योग यांकरितां मिळून तेवढीच दुसरी रक्कम. शिक्षक तयार करण्याकरितां तिसरी. संस्थानानें आपल्या पदरचा एक डॉलर घातला तर मध्यवर्ती सरकारचा एक मिळे. शेतकीचा पैसा ग्रामीण वस्तीच्या प्रमाणांत व धंद्यांचा पैसा नागर वस्तीच्या प्रमाणांत वांटावयाचा होता. विद्यार्थी चौदा वर्षांपुढील हवेत. शेतकी शिकणाऱ्यानें वर्षांतून निदान सहा महिने देखरेखीखालीं प्रत्यक्ष शेती केली पाहिजे. येथें स्टिम्सनची रीति कायद्यांत शिरली. धंदेशिक्षणाच्या दिवसाच्या शाळेंत निम्मा वेळ उपयुक्त किंवा उत्पादक कामांत गेला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, या शिक्षणाचा हेतु विद्यार्थ्यास उपयुक्त नोकरी-धंद्यास लायक करणें हाच असला पाहिजे.

या शेवटच्या अटीचा परिणाम दूरवर पोंचला. वुडवर्डच्या वळणाचा जो वर्ग सर्वांकरितां होता त्यास एक पैही मिळेना. धंद्याकरितां म्हणून जो वर्ग उघडला त्याच्या शिक्षकाचा अर्धा पगार सरकारी तिजोरींतून येई. एकाच इमारतींत दोन कर्मशाळा झाल्या. एकींत जुन्या परंपरेचा, ‘औद्योगिक कला’ या नव्या नांवानें चालणारा सामान्य वर्ग. दुसरींत धंद्याचा, मुद्दाम निवडलेल्या मुलांचा वर्ग. मूल चौदाव्या वर्षीं कोणत्या दारानें आंत जाईल यावरून त्याचें पुढील आयुष्य बहुतांशीं ठरूं लागलें. ड्यूईनें कायद्याच्या पूर्वींच ही दुफळी ओळखून तीविरुद्ध लिहिलें होतें. कायदा करणारांनीं हातांच्या शिक्षणास तुच्छ मानलें होतें असें म्हणतां येणार नाहीं. उलट त्यास मान मिळावा अशीच त्यांची इच्छा होती. परंतु ज्या खात्यांत पैसा जमा होतो त्या खात्याचा अर्थ पैसा देणारा ठरवितो, ही गोष्ट जमाबंदीचे कागद वाचणारास नवी नाहीं.

(५) विद्यार्थ्यांच्या वह्या

असें असलें तरी कायद्याची भाषा एक व वर्गांतील व्यवहार एक, हा भेद विसरून चालणार नाहीं. आणि तो कळण्याचें साधन म्हणजे गृहप्रकल्पाच्या वह्या. अशा वहीच्या आरंभीं बापलेकांचा करारनामा असे: जनावर कोणाचें, चारा कोणाचा, नफ्यांत वांटा किती. त्यापुढें अंदाजपत्रक, मग रोजच्या नोंदी, शेवटीं बाकी. आपल्याकडील कबुलायत, रोजकीर्द व खतावणी या तिहींचा हा मेळ होय. मक्याचा व चाऱ्याचा त्या त्या गांवचा भाव, मजुरीचा दर, जनावरांचे रोग, अवर्षणाचें वर्ष, हें सर्व एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या हस्ताक्षरांत मिळूं शकतें. सरकारी आकड्यांत जिल्ह्याची सरासरी असते. वहींत एक घर असतें. बापानें करार पाळला कीं नाहीं हेंही बाकीवरून उमगतें. १९२९ नंतरच्या मंदीच्या काळांतील वह्या या दृष्टीनें विशेष मोलाच्या आहेत.

या वर्गांतूनच मुलांची संघटना निघाली. १९२८ च्या नोव्हेंबरांत कॅन्सस शहरीं १८ संस्थानांतून आलेल्या ३३ मुलांनीं ‘अमेरिकेचे भावी शेतकरी’ या अर्थाच्या नांवाची संस्था स्थापिली. १९३३ पासून तिच्या सभासदांचें निळें कॉर्डरॉय जाकीट प्रसिद्ध झालें. मुलींस मात्र या राष्ट्रीय संस्थेंत १९६९ पर्यंत प्रवेश नव्हता.

(६) दोन संस्था व एक विलीनीकरण

आतां या इतिहासाचा जो भाग सर्वांत कमी सांगितला जातो त्याकडे वळूं. दक्षिणेकडील संस्थानांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. काळ्या लोकांच्या शिक्षणांत हस्तव्यवसायास आधींपासूनच स्थान होतें. व्हर्जिनियांतील हॅम्प्टनची संस्था १८६८ ची व आलाबामांतील टस्कीगीची १८८१ ची. टस्कीगीचा मुख्य बुकर वॉशिंग्टन यानें धंदेशिक्षणाचा पुरस्कार केला. १९०३ सालीं विल्यम ड्यू बॉइस यानें त्याविरुद्ध असा आक्षेप घेतला कीं, एका जातीस केवळ हातांचेंच शिक्षण देणें म्हणजे तिच्या पुढाऱ्यांस उच्च विद्येपासून दूर ठेवणें होय. वुडवर्डच्या शाळेंत जो विषय बुद्धीचें वळण म्हणून शोभला तोच विषय येथें मर्यादा घालणारी भिंत ठरूं शकत होता. विषय एकच, तो कोणास व कोणत्या हेतूनें शिकविला यावर त्याचें मोल अवलंबून होतें.

शेतकी महाविद्यालयांसंबंधींच्या १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यांत, जेथें दोन वर्णांचीं महाविद्यालयें वेगळीं असतील तेथें पैशाची न्याय्य वांटणी व्हावी, अशी अट घातलेली होती. १९१७ च्या कायद्यांत तशी अट नाहीं. वांटणी संस्थानांच्या मंडळांवर सोंपविली होती. भावी शेतकऱ्यांच्या संस्थेंत काळ्या मुलांस दक्षिणेंत जागा नव्हती, म्हणून त्यांची वेगळी संस्था झाली. १९२७ सालीं व्हर्जिनियांत तिचा आरंभ झाला व १९३५ सालीं टस्कीगी येथें तिला ‘अमेरिकेचे नवे शेतकरी’ या अर्थाच्या नांवानें राष्ट्रीय स्वरूप आलें. काळा व सोनेरी हे तिचे रंग. तिचीं पदें, तिच्या वक्तृत्वस्पर्धा व तिचे मेळावे स्वतंत्र होते.

१९५४ सालीं वेगळ्या शाळा घटनाविरुद्ध ठरल्या व १९६४ सालीं नागरिकहक्कांचा कायदा झाला. त्यानंतर १९६५ सालीं दोन्ही संस्था एक झाल्या. हें न्यायाचेंच झालें. परंतु एकीकरण कसें झालें? लहान संस्था मोठींत गेली. तिचे सुमारें ५२,००० सभासद गेले. नांव राहिलें मोठीचें, रंग राहिले मोठीचे, चिन्ह राहिलें मोठीचें. जी संस्था नाहींशी होते तिच्या कागदांस वारस कोण? १९४८ सालीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं तेव्हां त्यांच्या दप्तरांची चिंता ज्यांनीं वाहिली त्यांस हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाहीं. विलीनीकरण न्याय्य असलें म्हणजे त्यांत दप्तर सुरक्षित राहतेंच असें नाहीं. काळ्या शाळा बंद होत गेल्या तसतशीं त्यांच्या कर्मशाळांचीं कपाटेंही रिकामीं झालीं. म्हणून एखाद्या घरीं राहिलेलें काळें-सोनेरी जाकीट, एखादें प्रमाणपत्र किंवा प्रकल्पाची वही यांस आज मूळ सनदेची किंमत आहे.

कायद्याचा पुढील वृत्तांत थोडक्यांत असा. १९६३ च्या नव्या कायद्यानें जुन्या खातेवार वांटण्या सैल केल्या व शेतकीच्या वर्गास शेताबाहेरच्या पण शेतीशीं निगडित धंद्यांकडे वळण्याची मोकळीक दिली. १९८८ सालीं मुलांच्या संस्थेनें आपल्या नांवांतून ‘शेतकरी’ हा शब्द काढून केवळ आद्याक्षरें ठेविलीं. मूळ स्मिथ-ह्यूज कायदा १९९७ सालीं रद्द झाला.

(७) आपल्याकडील साम्य

हा प्रश्न आपल्याकडेही उपस्थित झाला होता. मुंबई इलाख्यांत पुण्याजवळ लोणी येथें शेतकऱ्यांच्या मुलांकरितां मराठीतून शिकविणारी वेगळी निवासी शेतकी शाळा निघाली होती. पंजाबांत सामान्य शाळेंतच शेतकी हा एक विषय ठेवला होता. १९२८ सालच्या शेतकी रॉयल कमिशनच्या अहवालांत लोणीची तऱ्हा व पंजाबची तऱ्हा अशी तुलना असून झुकतें माप पंजाबच्या तऱ्हेस दिलें आहे. वेगळी शाळा कीं सर्वांच्या शाळेंत एक वर्ग, हाच तो अमेरिकेंतील वाद. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत महात्मा गांधींनीं मांडलेली योजना याहून पुढें गेली. तींत हस्तव्यवसाय हा कांहीं मुलांचा विषय नसून सर्व मुलांच्या सर्व विषयांचा पाया होता. या एका बाबतींत वर्धा हें वॉशिंग्टन शहरच्या कायद्यापेक्षां सेंट लुईच्या व नेसच्या जवळ आहे. १९८३ सालीं श्रीनाथ कालबाग यांनीं पाबळ येथें काढलेल्या विज्ञान आश्रमाच्या द्वारें हायस्कुलांतील मुलांस गांवास लागणारीं कामें करून शिकविण्याचा जो उपक्रम झाला, तोही याच परंपरेंत मोडतो.

तेव्हां निष्पन्न काय झालें? पहिलें असें कीं, अमेरिकेंतील हे वर्ग १९१७ च्या कायद्यानें निर्माण झाले नाहींत. कायद्यानें त्यांस पैसा दिला व त्या पैशाबरोबर एक निराळा हेतु दिला. दुसरें असें कीं, तो हेतु वर्गांत कितपत उतरला हें कायद्यावरून ठरणार नाहीं. तें मुलांच्या वह्यांवरून, वस्तूंवरून व हजेरीपटांवरूनच ठरेल. तिसरी गोष्ट आपल्या संग्राहकांपुरती आहे. आपल्याकडील शेतकी शाळांचे पीकनोंदीचे कागद, तांत्रिक शाळांतील मुलांचे आराखडे, सूतकताईचे तक्ते व जुने नमुने अद्यापि कोठें कोठें माळ्यावर पडलेले असतील. त्यांवर शिक्का नसतो, मोर्तब नसतें, व म्हणून रद्दीवाल्यास तीं प्रथम दिलीं जातात. एखाद्या शाळेची इमारत पाडली जात आहे असें कळल्यास पोथ्यांची चौकशी करतांना या वह्यांचीही करावी. त्यांत राजे-सरदारांचीं नांवें सांपडणार नाहींत. परंतु राबणाऱ्या हातांस शाळेनें काय शिकविलें, व काय शिकवावयाचें नाकारलें, याचा पुरावा दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहीं.